शेवटची वीस मिनिटं

क्लबच्या शताब्दीचं पुस्तक चांगलं जाडजूड निघालं.
गुळगुळीत कागद, निळी-पांढरी शिवण.
एकोणीसशे बाराचा चषक: अकरा पानं.
अडुसष्टची बढती: तेवीस, त्यातली नऊ रंगीत.
आणि मधे, अठ्ठावन्नाव्या पानाच्या तळाशी,
'त्यानंतरची काही वर्षं संघाला कठीण गेली.'
एवढंच. पूर्णविराम, आणि पान उलटलं की युद्ध.

मी चष्मा पुसला, परत वाचलं.
काही वर्षं म्हणजे सात.
थॉर्नशॉच्या तीनपैकी दोन गिरण्या बंद,
कालव्याचं पाणी माझ्या जन्मात पहिल्यांदा निवळलेलं
आणि त्याचं कुणालाच कौतुक नव्हतं.
व्हिक्टोरिया लीगमधून बाहेर,
जिल्ह्याच्या दुय्यम स्पर्धेत,
जिथे समोरचा संघ कोळशाच्या लॉरीतून उतरे
आणि कधीकधी दहाच जण उतरत.
तरी आम्ही हरायचो.
हार पाचवीलाच पुजलेली.

माझे वडील, एझ्रा क्रॅबट्री, सूतकताई खात्यातले,
दर शनिवारी फाटकाबाहेर उभे असत
विटांच्या भिंतीला पाठ लावून.
तिकीट सहा पेनी. सहा पेनीत पाव येई, वर चरबीही.
पण एक रिवाज होता:
सामन्याचे तीन हिस्से सरले
की लंगडा क्लेम ऑग्डन खांदा लावून
फाटकाचा लोखंडी अडसर उचली,
आतल्यांना घरी जाता यावं म्हणून.
घरी कोणी जात नसे.
त्याच फटीतून अर्धं गाव आत शिरे.

तोवर सामना भिंतीतून ऐकायचा.
लांबलेला 'ओ' म्हणजे चेंडू खांबावर आदळला.
शिवी म्हणजे पंच.
शांतता म्हणजे आपल्यावर गोल.
शांतता पुष्कळ असे.

सात वर्षांत वडिलांनी सामन्याची सुरुवात पाहिली नाही.
त्यांच्या गोष्टी सुरूच व्हायच्या तीन-शून्यपासून:
'आपण तिघांनी मागे, आणि आम्ही आत आलो, तर...'
तर सेथ टॅटरसॉल गोलात ताठ उभा राही,
रंगखात्यात मनगटापर्यंत निळे झालेले त्याचे हात,
तर दमलेली पोरं नव्याने पळत सुटत.
'नुसती शेवटची वीस मिनिटं मोजली असती ना,'
ते म्हणत, 'तर आपणच पहिले.'

परवा क्लेमची नात आली. फाटकाची वही घेऊन.
तारीख, माणसं, जमा रक्कम,
फाटक उघडताना गोल किती, शेवटी किती.
मी पेन्सिल घेऊन बसले, दोन रात्री बेरजा केल्या.
नाही, बाबा.
त्या वीस मिनिटांतही आपण हरतच होतो.
जरा कमी, इतकंच.

मग दिसला कडेचा रकाना, वर नाव नसलेला.
पहिल्या वर्षी त्यात अडुसष्ट, सत्तर, अडुसष्ट.
ज्या हिवाळ्यात बेकारांचा भत्ता कापला, त्यात साठ.
पुढे चोपन्न. पुढे एक्कावन्न.
मला उमगायला चहा गार व्हावा लागला:
ही मिनिटं होती. अडसर उचलल्याची.

दर वर्षी थोडं आधी.
संचालकांच्या खिजगणतीत फाटक नव्हतंच,
आणि वडिलांचं घड्याळ सावकाराकडे गहाण.
त्यांना अखेरपर्यंत वाटत राहिलं, वीसच मिनिटं.
फक्त म्हणायचे, ती वीस मिनिटं
हल्ली फार लांबतात, हरताना.

शेवटच्या हंगामातला फेब्रुवारी. बर्फ.
जमा: दोन पौंड, चार शिलिंग.
रकान्यात सत्तावीस.
म्हणजे मध्यंतरसुद्धा झालं नव्हतं.
आणि पुढे, क्लेमच्या तिरक्या अक्षरात,
कुणी विचारलंच तर असावा म्हणून, शेरा:
'वाऱ्यानं उघडलं.'